पाच बट आणि एकही 'पण' नाही

माझ्या मामेभावाची, म्हणजे दादाची, कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटी फौंड्री आहे. पंपाच्या बॉड्या ओततात, थोडं लोकल काम आणि थोडं बाहेरदेशी जातं. बाहेरचा मोठा गिऱ्हाईक एकच, ग्लासगोजवळची एक पंप कंपनी. मी राजारामपुरीत इंग्लिशचे क्लास घेते आणि अधूनमधून ट्रान्सलेशनची कामं करते, त्यामुळं घरात कुणालाही इंग्लिश कागद आला की फोन मला. पण त्या दिवशी फोन आला नाही, आणि सगळा घोळ तिथंच झाला, कारण दादाला वाटलं की आता क्यूसीला, म्हणजे माल तपासायला, बसणारा पोरगा इंग्लिशचा क्लास केलेला आहे, तायडीला कशाला त्रास. तो क्लास कुणाचा ते पुढं येईलच.

पावसाळ्याचे दिवस, राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी सकाळीच आलेली. मी रात्री नऊला सहज मामीला फोन केला तर मामी म्हणाली, "अगं तुझा दादा जेवला न्हाई, ऑर्डर गेली म्हणतोय, फौंड्रीतच बसलाय." मला कळंना, कारण पंधराच दिवसांपूर्वी तो नवीन पार्टची सॅम्पल पाठवली म्हणून पेढे वाटत होता. स्कूटर काढली आणि गेले.

गेटातूनच घणाचा आवाज. दोन गडी तयार कास्टिंग फोडत होते, शेजारी तुकड्यांचा ढीग, रात्रीच्या हीटला भट्टीत टाकायला. दादा केबिनमध्ये, टेबलावर थंड झालेला चहा आणि त्याच्या बाजूला वर्तमानपत्रावर ठेवलेली एकच पंप बॉडी, तिच्यावर लाल खडूनं मोठ्ठा आकडा काढलेला, "१". हा एक कशाचा ते मला तेव्हा कळलं नाही.

"वाच," दादा म्हणाला आणि मोबाईल पुढं सरकवला. "संपलं बघ. वीसातली अठरा सॅम्पल रिजेक्ट, फिनिशला नावं ठेवलीत, शेवटचा लॉट थांबवलाय आणि नवीन ऑर्डर सगळ्यास्नी दिली, आपल्याला सोडून."

मेल पाचच वाक्यांचा होता, वर डिअर आणि खाली रिगार्ड्स सोडलं तर. तो इथं देवनागरीत जसाच्या तसा लिहिते, तुम्ही आधी स्वतः वाचून बघा:

"ऑल बट टू ऑफ द न्यू सॅम्पल्स आर विदिन टॉलरन्स. वी कॅनॉट बट ॲडमायर द फिनिश. प्लीज होल्ड द लास्ट लॉट बट वन, द टेस्ट पीसेस शो पोरोसिटी. बट फॉर दॅट लॉट, वी वुड हॅव साइन्ड द न्यू ऑर्डर टुडे. इट इज ऑल बट यॉर्स."

मी वाचलं आणि पहिलं काय केलं तर बाहेर जाऊन ओरडले, "घण थांबवा!" गडी बघतच राहिले. मग दादाला विचारलं की पाचातला चार नंबरचा लॉट कुठंय. तर म्हणे तो संध्याकाळी साडेसातला ट्रकमध्ये भरून न्हावा शेवा बंदराला लावला. आणि बाहेर जो फुटतोय तो पाचवा. म्हणजे चांगला लॉट घणाखाली आणि खराब लॉट हायवेवर. ड्रायव्हरला फोन लावला तर तो कराडच्या पुढं ढाब्यावर जेवायला बसलेला, म्हणाला, "ताई, भाकरी मोडलीय आत्ताच, खाऊन वळतो." म्हटलं खा बाबा निवांत, पण वळ.

ट्रक वळल्यावर मग आम्ही बसलो. क्यूसीच्या पोराला घरून बोलवून घेतलं, बिचारा रेनकोटमध्येच आला. मला बघून म्हणतो, "मॅडम, तुम्ही?" तीन वर्षांपूर्वी माझ्याच सकाळच्या बॅचला होता. वही घेऊन यायला लावली असती तर तिच्यात माझ्याच अक्षरातला तक्ता निघाला असता: अँड म्हणजे आणि, ऑर म्हणजे किंवा, बट म्हणजे पण, बिकॉज म्हणजे कारण. चार ओळी, एक तास, फी वसूल.

आता एकेक वाक्य घेऊ, कारण चूक नुसती "इंग्लिश कच्चं" म्हणून झालेली नाही. पोरगं हुशार आहे आणि त्याच्या प्रत्येक चुकीला कारण होतं.

पहिलं वाक्य. पोरानं "ऑल बट टू" चा अर्थ लावला "सगळ्यांत फक्त दोनच टॉलरन्समध्ये", म्हणजे मापात जेवढा फरक चालतो त्याच्या आत. मी विचारलं "फक्त" कुठनं आणलास, तर म्हणाला, "मॅडम, तुम्हीच स्पर्धा परीक्षेच्या बॅचला सांगितलेलं, ही इज बट अ चाइल्ड, म्हणजे तो फक्त एक लहान मूल आहे, बट म्हणजे ओन्ली." सांगितलेलं खरंच. आणि ते बरोबरही आहे, जुन्या धाटणीच्या इंग्लिशमध्ये बट म्हणजे फक्त असतो. पण "ऑल" च्या मागून आला की तिथं तो "सोडून" होतो. दोन सोडून बाकी सगळी सॅम्पल टॉलरन्समध्ये. म्हणजे अठरा पास, दोन नापास. आकडे तेच, नुसती बाजू फिरली.

दुसरं वाक्य त्यानं वाचलं, "आम्ही फिनिशचं कौतुक करू शकत नाही". कॅनॉट दिसला, निगेटिव्ह, विषय संपला, मधला बट कुठं बसवायचा कळंना म्हणून त्यानं तो गिळला. खरं तर हे वाक्य मराठीत इतकं सहज बसतं की वाईट वाटतं: कौतुक केल्यावाचून राहवत नाही. "वाचून", बघा. करू शकत नाही, कशावाचून, कौतुकावाचून. म्हणजे कौतुकाखेरीज दुसरं काही करताच येत नाही. हीच गोष्ट लोक बोलताना "कान्ट हेल्प बट" अशी म्हणतात, तेवढी मी क्लासात शिकवते, पण "हेल्प" नसलेली जुनी आवृत्ती कधी शिकवली नव्हती कारण मला वाटायचं आता कोण असं लिहितं. साठीतला स्कॉटिश इंजिनियर लिहितो.

तिसरं वाक्य सगळ्यात महागात पडलं. "होल्ड द लास्ट लॉट बट वन." पोरानं केलं, शेवटचा लॉट होल्ड करा, पण एक सोडा. म्हणून त्यानं पाचव्या लॉटमधला एक पीस काढून, खडूनं "१" लिहून, साहेबाच्या टेबलावर आणून ठेवला, साहेबांना म्हणाला एक ठेवायला सांगितलाय, बहुतेक रेफरन्सला. आणि दादानं डोक्यात राख घालून बाकीच्या लॉटवर घण चालवायला सांगितला कारण पोरोसिटी, ओतकामात आत राहिलेली बारीक भोकं, म्हणजे भंगारच की.

"लास्ट बट वन" म्हणजे शेवटून दुसरा. शेवटचा मोजायचा, पण एक सोडून. ब्रिटिश लोक पत्ता सांगतानाही असंच म्हणतात, "नेक्स्ट डोअर बट वन", म्हणजे शेजारचं नव्हे, एक घर सोडून पलीकडचं. आपण कोल्हापुरात रोज असंच बोलतो, "त्या मेडिकलच्या एक दुकान सोडून". म्हणजे शब्द परका असला तरी हिशेब आपलाच आहे. अमेरिकन माणसानं मेल लिहिला असता तर त्यानं "नेक्स्ट टू लास्ट" लिहिलं असतं, मग कदाचित दुसराच घोळ झाला असता, ते जाऊ दे.

चौथ्या वाक्यात "बट फॉर दॅट लॉट" चं पोरानं केलं "पण त्या लॉटसाठी". शब्दाला शब्द. आणि पुढं "साइन्ड द न्यू ऑर्डर टुडे" वाचून त्याला वाटलं की आज ऑर्डर साइन झाली, दुसऱ्या कुणाची तरी. मधला "वुड हॅव" त्याला दिसलाच नाही, किंवा दिसला तरी काळजीत असलेला माणूस असल्या बारीक शब्दांवर थांबत नाही. "बट फॉर" म्हणजे "नसता तर". तो लॉट नसता तर आज ऑर्डर साइन झाली असती. कायद्यात याच्यावर अख्खी एक टेस्ट आहे, तिला "बट फॉर टेस्ट" च म्हणतात, अमुक माणसानं निष्काळजीपणा केला नसता तर नुकसान झालं असतं का, असं विचारून कारण शोधायचं. माझा क्लासमधला एक वकील विद्यार्थी ही टेस्ट घडाघडा सांगतो, पण "बट फॉर युअर हेल्प" चं मराठी कर म्हटलं की "पण तुमच्या मदतीसाठी" लिहितो.

आता पाचवं, आणि इथं मात्र मी पण अडकले. (हा "मी पण" मधला पण बघून ठेवा, त्याच्याकडं नंतर येते.) कारण तोपर्यंत मी पोराला मोठ्या रुबाबात नियम सांगून टाकलेला: बट आला की आधी "सोडून" लावून बघ. पोरगं लगेच म्हणालं, "मॅडम, मग इट इज ऑल बट यॉर्स म्हणजे सगळ्यांची, तुमची सोडून, असंच होतंय की. साहेब तेच तर म्हणत होते." दादानं माझ्याकडं बघितलं. बाहेर पाऊस. मी चहा मागवला, विचार करायला वेळ पाहिजे होता.

झालंय असं की "ऑल बट" ची दोन कामं आहेत. त्याच्या मागून नाम किंवा आकडा आला तर "सोडून सगळे": ऑल बट टू, ऑल बट द लास्ट रूम. पण मागून विशेषण किंवा क्रियापदाचं रूप आलं तर "जवळजवळ": ऑल बट फिनिश्ड म्हणजे संपलंच म्हणायचं, ऑल बट इम्पॉसिबल म्हणजे अशक्यातच जमा. आणि "यॉर्स" इथं कुणाचं नाव म्हणून आलेला नाही, ऑर्डर कशी आहे ते सांगायला आलाय, ती तुमची आहे, किती तुमची तर सगळी, नुसती सही सोडून. सगळ्या लोकांना देऊन तुम्हाला नाही असं त्याला म्हणायचं असतं तर "एव्हरीवन्स बट यॉर्स" लिहावं लागलं असतं. शिवाय त्याच्या आधीचं वाक्य वाचा, लॉट नसता तर साइन केली असती, त्याच्यामागून "ती तुमची नाही" कसं येईल? "ऑर्डर तुमचीच समजा, एक सही राहिली." हे मराठी केल्यावर दादा उठला, बाहेर जाऊन फुटलेल्या ढिगाकडं बघून परत आला आणि म्हणाला, "एकतीस फुटलीत."

पाचव्या लॉटमध्ये एकशेवीस पीस होते. एकतीस गेले, एक टेबलावर, बाकीचे वाचले.

त्या रात्री घरी आल्यावर मला झोप लागंना. मी इतकी वर्षं "बट म्हणजे पण" शिकवते आणि आठ-दहा ओळींच्या एका मेलमध्ये पाच बट निघतात आणि त्यातला एकही "पण" नसतो, म्हणजे तक्ताच उलटा आहे की काय. जुनं वाचलेलं परत काढून बघितलं, तर खरंच उलटा आहे. हा शब्द जुन्या इंग्लिशमध्ये "बूटान" असा होता, त्याच्यात "आउट" चाच पूर्वज बसलाय, आणि अर्थ होता "बाहेर, बाहेरच्या बाजूला". "अबाउट" हा शब्द पण त्याच घरातला. बाहेर वरून "वगळून", वगळून वरून "एवढं वगळता", आणि तिथनं घसरत घसरत "पण". त्या काळात आपल्या "पण" चं काम दुसराच एक शब्द करायचा, "अ‍ॅक", तो पुढं मेला आणि त्याची गादी बटला मिळाली. म्हणजे आम्ही क्लासात जो अर्थ पहिला शिकवतो तो त्या शब्दाला मागाहून चिकटलेला अर्थ आहे, आणि ज्याला आम्ही "अपवादात्मक वापर" म्हणून पुस्तकाच्या तळाला टाकतो तो त्याचा मूळ धंदा.

स्कॉटलंडमध्ये तर हा "बाहेर" आजून शाबूत आहे. तिथं जुन्या दोन खोल्यांच्या घराला "बट अँड बेन" म्हणतात, बट म्हणजे बाहेरची खोली, बेन म्हणजे आतली. आपल्याकडं सोपा आणि माजघर असतं तसं. मला हे वाचून इतका आनंद झाला की रात्री दीड वाजता दादाला मेसेज टाकला, "बट म्हणजे सोपा". त्याचा रिप्लाय आला, "झोप."

"फक्त" वाला बट पण याच रांगेत येतो. आधी "नाही... खेरीज" असं दुहेरी बोलायचे, माझ्याकडं एका लेकराखेरीज काही नाही अशा धर्तीवर, मग पुढचा नकार बोलण्यात गळाला आणि नुसता बट राहिला, तोच "फक्त" झाला. कोर्टातली शपथ आठवा, आपल्या १९६९ च्या ओथ्स ॲक्टमध्येही तीच आहे, "द ट्रुथ, द होल ट्रुथ अँड नथिंग बट द ट्रुथ". इथं नकार अजून शिल्लक आहे. खऱ्याशिवाय काही नाही. आणि याच्या उलट "एनिथिंग बट", त्यात वाट्टेल ते चालेल, तेवढं एक सोडून. "ही इज नथिंग बट अ फूल" म्हणजे निव्वळ मूर्ख, "ही इज एनिथिंग बट अ फूल" म्हणजे मूर्ख तर मुळीच नाही. नोकरीच्या शिफारसपत्रात असली अदलाबदल झाली तर काय होईल याचा विचार करा.

आता आपल्या "पण" कडं येते, कारण दुसऱ्या दिवशी पोरगं मला म्हणालं, "मॅडम, इंग्रजांनी एका शब्दाचे एवढे अर्थ कशाला केले?" मी म्हटलं आपण काय कमी केलेत का. "मी पण येतो" मध्ये पण म्हणजे सुद्धा. (आमच्या गावाकडं तिथं "बी" म्हणतात, "मी बी येतो", त्यामुळं तिकडचा "पण" निदान या कामातनं सुटला.) "पण लावला" मध्ये पैज. "शहाणपण" मध्ये आणखी तिसराच. आणि "किंतु" चं तर आपण सरळ नामच करून टाकलं, "मनात किंतु ठेवू नको". इंग्लिशमध्ये "बट मी नो बट्स" म्हणतात, बटचं क्रियापदही केलं आणि नामही, एकाच वाक्यात, त्याचं मराठी "किंतु-परंतु करू नकोस" हे तयारच आहे, शोधावं लागत नाही.

आणि एक जागा अशी आहे जिथं त्यांचा बट आला की आपल्याला साधा "पण" लावायची सवय आहे आणि ती चूक आहे: "नॉट रेड बट ग्रीन". याचं "लाल नाही पण हिरवा" होत नाही, "लाल नव्हे, हिरवा" किंवा "लाल नाही तर हिरवा" होतं. अर्धी वर्तमानपत्रं इथं पण टाकतात. असो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या इंजिनियरशी व्हिडिओ कॉल ठरला. दादानं मला बसवलंच शेजारी. चार नंबरचा लॉट मध्येच थांबवून परत आणला हे सांगितलं, एकतीस पीस परत ओतावे लागणार हेही सांगितलं, का ते मात्र दादानं सांगू दिलं नाही, "मशिनिंगला इश्यू झाला म्हण". तो माणूस सॅम्पलमधला एक पीस हातात घेऊन कॅमेऱ्यासमोर फिरवत होता. मग म्हणाला, "इट्स अ रफ वीक यू हॅड. गुड कास्टिंग्ज दीज, बट."

आणि थांबला.

आम्ही तिघं पुढं वाकून बसलो. पुढचं वाक्य यायचंय ना. बट, आणि काय? पोराचा चेहरा पांढरा. दादानं टेबलाखालून माझा हात दाबला. समोरचा माणूस चहा प्यायला लागला. मला पाच-सहा सेकंद लागली आणि मग हसू आवरंना. ग्लासगोकडं, उत्तर आयर्लंडात आणि ऑस्ट्रेलियात काही लोक बट वाक्याच्या शेवटी टाकतात आणि तिथंच वाक्य संपतं. पुढं काही येणार नसतं. "आठवडा वाईट गेला तुमचा. कास्टिंग चांगली आहेत पण ही." झालं. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, कानानं पहिल्यांदा ऐकलं.

आणि हाच एक बट त्या अख्ख्या प्रकरणात असा निघाला की ज्याला आपला "पण" शब्दशः चालतो, शेवटच्या जागेसकट. आपण नाही का म्हणत, "उशीर केलास, आलास पण." "महाग हाय, भारी झालाय पन रस्सा." त्याच्यानंतर कोण पुढच्या वाक्याची वाट बघत बसत नाही, रस्सा ओतून घेतात. कॉल संपल्यावर मी दादाला एवढंच सांगितलं की हा आपल्यासारखाच बोलतो, तर तो म्हणाला, "मग मेल पण तसाच लिहायचा की लेकाच्यानं."

नवीन ऑर्डर नऊ दिवस उशिरा आली. एकतीस पीस पदरच्या खर्चानं ओतले, चौथा लॉट सगळा भट्टीत गेला, ट्रकचं जाता-येताचं भाडं बसलं. माझ्या क्लासातला तक्ता मी बदलला. आता बट समोर मी पहिल्यांदा "सोडून" लिहिते आणि "पण" त्याच्या खाली, आणि "ऑल बट" ला वेगळा तास घेते, पोरं कंटाळतात. "१" लिहिलेली पंप बॉडी अजून दादाच्या टेबलावर आहे, बिलं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवतो.

परवा क्यूसीच्या पोराचा व्हॉट्सॲप आला. ग्लासगोला पाठवायचा मेल त्यानं आधी मला टाकलेला: "ऑल लॉट्स बट वन हॅव बीन डिस्पॅच्ड. मॅडम, करेक्ट ना?"

मी लिहिलं, "एकदम करेक्ट. पण राहिलेल्या लॉटचा नंबर घाल."